सव्वा महिना कुठे राहणार?

हिराताई,

काल दुपारी तुम्ही लॅबमध्ये आला होतात. जेवण झाल्यावर मी टेबलावर जरा डोकं टेकलं होतं, तेवढ्यात डोळा लागला असावा. रॅकवर बाळांची कार्डं वाळत होती. तुम्ही नेहमीसारख्या चपला दाराबाहेर काढल्यात, आत आलात, एकेक कार्ड खिडकीच्या उजेडाकडे धरून बघितलंत आणि म्हणालात, "हे बघ, गोल पुरा भरलाय. आता बोल." मी तोंड उघडणार तेवढ्यात मशीनची घंटी वाजली आणि मी जागी झाले. कार्डं जिथल्या तिथे होती. तुम्हाला जाऊन तेव्हा बारा दिवस झाले होते.

आज हॉस्पिटलात तुमची शोकसभा झाली. तिथे काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे, त्यासाठीच लिहायला बसलेय. पण ते शेवटी. मधूनच सुरू केलेली गोष्ट तुम्हाला कधी चालली नाही. "आधी कोण, कुठलं, कुणाचं ते सांग, मग काय झालं ते सांग," असं म्हणून तुम्ही भल्याभल्या डॉक्टरांना थांबवायचात.

तर सुरुवातीपासून सांगते. नवजात बाळांच्या रक्ततपासणीची आपली ती योजना सुरू झाली तेव्हा आपण दोघी काही मैत्रिणी नव्हतो. तुम्ही प्रसूती वॉर्डच्या जुन्या सिस्टर, पेठकडच्या डोंगरातून शिकून आलेल्या. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेली, लॅब टेक्निशियन, नाकावर राग. काम तसं साधंच होतं. बाळ तीन दिवसांचं झालं की ओल्या कोमट फडक्याने त्याची टाच शेकायची, बारीक सुई टोचायची आणि जाड टिपकागदाच्या कार्डावर छापलेल्या गोलांत रक्ताचे थेंब टिपून घ्यायचे. कार्ड सावलीत वाळवायचं, मग मी तपासायची. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी नीट काम करत नसलेलं बाळ त्यातून सापडतं. जन्मताना ते इतर बाळांसारखंच दिसतं, पण उपचार मिळाले नाहीत तर मेंदूची वाढ खुंटते. उपचार म्हणजे रोज एक इवलीशी गोळी. अट एकच, गोळी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू व्हायला हवी.

एवढ्याशा गोष्टीवरून आपण किती भांडलो! तुमच्या कार्डावर एखादा गोल अर्धवट भरलेला दिसला की मी ते परत पाठवायची. तुम्ही तणतणत यायचात. "तुला गोल पाहिजे, मला ते लेकरू दिसतं. दुसऱ्यांदा टोचू?" मी म्हणायची, "टोचा." तुम्ही जायचात, टोचायचात, आणि बाळाने भोकाड पसरलं की तुमचा आवाज लॅबपर्यंत ऐकू यायचा, "शाब्बास! रड बाई, अजून रड." मला वाटायचं, काय विचित्र बाई आहे. रडणाऱ्या बाळाला असं शाबासकी देणारं माणूस मी आधी बघितलं नव्हतं.

एकलहऱ्याला वारा फिरला की राख उडून यायची आणि आई दोरीवरचे कपडे पळत जाऊन काढायची. तेच वळण माझ्या हाताला लागलं होतं. कार्डं वाळत असताना मी पंखा लावू द्यायची नाही, खिडकी फटीएवढीच उघडी ठेवायची. त्या उकाड्यात तुम्ही माझ्या समोर बसून पदराने वारा घ्यायचात. बाहेर वॉर्डात दुपारची निजानीज झालेली असायची. रॅकवर ते लाल गोल हळूहळू तांबूस व्हायचे. कुणाचंच अजून बारसं झालेलं नसायचं, म्हणून कार्डावर नाव आईचं. मंदाचा मुलगा. शोभाची मुलगी. तुम्ही ती नावं पुटपुटत वाचायचात. त्या दुपारी मी आयुष्यातल्या चांगल्या दुपारी म्हणून धरते, हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते.

अशाच एका दुपारी तुम्ही काशीबद्दल सांगितलंत. तुमची धाकटी बहीण. नव्वदच्या दशकात कुठल्याशा प्रशिक्षणाला तुम्हाला पाठवलं होतं आणि तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर एका मुलाचा फोटो दाखवला होता. बुटकं अंग, जाड जीभ, सुजरा चेहरा. "मी खुर्चीतून उठून उभी राहिले गं. ती आमची काशी होती. म्हणजे तिच्यासारखीच." काशी तेव्हा पंचवीस वर्षांची होती आणि उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसायची, एवढंच तिला येत होतं. लहानपणी सगळे तिला गुणाची म्हणायचे. रडत नाही, त्रास देत नाही, दूध मागत नाही, नुसती झोपते. आई शेतावर निघून जायची आणि संध्याकाळी येऊन बघायची तर पोर तशीच.

"आईला सांगितलंत?" मी विचारलं होतं.

"काय सांगू? रोजच्या एका गोळीनं ही शहाणी झाली असती, असं? त्या माउलीनं मग उरलेलं आयुष्य कसं काढायचं?"

पण मला पटलं नव्हतं, हे तुम्हाला माझ्या तोंडावरून कळलं असणार.

वॉर्डातल्या आज्या रक्त घेऊ द्यायच्या नाहीत. पाचवीच्या आत लेकराच्या अंगाला सुई लावायची नाही, म्हणायच्या. पाचवीला सटवाई येते, कपाळावर नशीब लिहिते, तिच्यासाठी कोरा कागद नि लेखणी ठेवायची असते, आणि तुम्ही त्याच्या आधीच भोसकायला निघालात? माझं डोकं फिरायचं. मी शास्त्र सांगायला जायची आणि प्रकरण चिघळायचं. तुम्ही मला कोपराने मागे सारायचात आणि कॉटवर बसून म्हणायचात, "आजी, सटवाई कपाळावर लिहिते ना? मी टाचेलाच हात लावते. तिच्या जागेला मी शिवतसुद्धा नाही." आजी हसायची. टाच मिळायची.

पण तुम्ही कॉटवर बसलात की उठायचा नाहीत. माहेर कुठलं, भाऊ किती, नागलीचं पीक कसं आलं, जनावरं कुणाकडे टाकून आलात. एका कार्डाला अर्धा तास. मी वैतागून डॉक्टरांकडे गेले आणि नवीन पद्धत लावून घेतली, की सिस्टरने फक्त रक्त घ्यायचं; नाव-पत्ता मी स्वतः केसपेपरवरून उतरवीन. तुम्हाला म्हणाले, "गप्पा कमी, कार्डं जास्त." तुम्ही पदर खोचलात आणि गेलात.

सुनंदाची मुलगी त्याच महिन्यातली.

तिच्या कार्डात दोष दिसला तेव्हा मी ते तीनदा तपासलं. आकडा इतका वर होता की शंकेला जागाच नव्हती. बाळ दहा दिवसांचं झालं होतं. मी पत्र पाठवलं, अंबडचा पत्ता होता. नवरा तिथे कारखान्यात, भाड्याची खोली. उत्तर नाही. शेजाऱ्यांचा फोन नंबर होता, तो कुणी उचलेना. दुसरं पत्र पाठवलं. शेवटी मी स्वतः अंबडला गेले तर खोलीला कुलूप. नवऱ्याला कंपनीने बाहेरगावी पाठवलं होतं. शेजारची बाई म्हणाली, "ती कुठली इथं असायला? पहिलं बाळंतपण ना. सव्वा महिना माहेरी."

"माहेर कुठे?"

"तिकडं पेठकडं कुठंतरी. गाव काय ठाऊक नाय."

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे मला का ठाऊक नव्हतं? माझ्या स्वतःच्या बहिणीचं तसंच झालं होतं. सगळ्या महाराष्ट्राला जे माहीत ते मी केसपेपर उतरवताना विसरले. नवऱ्याने आपला पत्ता लिहून दिला, मी तो सुवाच्य अक्षरात कार्डावर चढवला, आणि बाई बाळाला घेऊन डोंगरात निघून गेली. तुम्ही कॉटवर बसला असतात तर पहिल्या पाच मिनिटांत गाव कळलं असतं.

तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. त्याऐवजी डोळे मिटून बसलात आणि त्या बाळाची आजी आठवायला लागलात. "लुगड्याच्या गाठीला नागलीची भाकर होती. आमच्याकडच्यासारखं बोलायची. म्हणाली होती, सावळ घाट उतरल्यावर डाव्या हाताला जीप वळते, मग चालायचं." जाता-येता एखाद-दुसरा शब्द तुम्ही तिच्याशी बोलला होतात, माझी बंदी असतानासुद्धा. तेवढ्यावर आपण निघालो.

तो दिवस मला अजून धुक्यातून आठवतो, आणि धुकं खरंच होतं. पहाटेची एसटी, मग जीप, मग पायवाट. कापणी झालेल्या खाचरांवर पांढरं बसलेलं होतं, घरं दिसायची आणि पुन्हा नाहीशी व्हायची. तुम्ही पुढे चालत होतात, हातात चपला घेऊन, शहरातल्या सिस्टरसारख्या अजिबात नाही. मला वाटत होतं आपण चालतोय तेवढीच वाट लांबतेय आणि कुठल्यातरी घरात ते बाळ आणखी आणखी खोल झोपत चाललंय. पहिल्या पाड्यावर मी सुनंदाचं नाव घेतलं. नाही. दुसऱ्यावर घेतलं. "सुनंदा? अशी कोणी नाय इथं." तिसऱ्यावरही नाही. तेव्हा तुम्ही थांबलात आणि कपाळावर हात मारलात. "सुनंदा सासरचं नाव असणार गं. लग्नात नाव बदललं असेल. इथं ती कुणालाच सुनंदा म्हणून ठाऊक नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. आता काय, दारोदार जाऊन प्रत्येक बाळंतीण बघायची? तुम्ही मात्र नागली पाखडणाऱ्या एका बाईजवळ उकिडव्या बसलात आणि तुमच्या बोलीत काहीतरी विचारलंत. ती बाई एकदम हसली आणि लांबच्या टेकाडावरच्या घराकडे बोट दाखवलं. बाकीच्याही बायका हसून त्याच घराकडे हात करायला लागल्या.

"काय विचारलंत?"

"विचारलं, इथं कुणाकडं फार गुणाचं लेकरू झालंय का? कधीच न रडणारं?"

आपण ते टेकाड पळत चढलो. तुम्हाला धाप लागत होती तरी थांबला नाहीत. आतल्या अंधाऱ्या खोलीत, शेगडीच्या उबेला, गोधडीत ते बाळ झोपलं होतं. अंग गार, कातडी कोरडी, बेंबी वर आलेली. आजी कौतुकाने म्हणाली, "लय शांत हाय पोर. आमाला कायच तरास नाय." तुम्ही तिला उचलून छातीशी धरलंत आणि तोंड भिंतीकडे फिरवलंत. मी बघितलं, हिराताई. तुम्ही काशीला उचललं होतं.

त्याच संध्याकाळी नाशिकला पुन्हा तपासणी होऊन गोळी सुरू झाली. आईच्या दुधात चमच्यात विरघळवून. बाळ एकवीस दिवसांचं होतं. माझ्यामुळे गेलेले अकरा दिवस. सुनंदाने विचारलं, "एवढा उशीर का झाला सिस्टर?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "पत्र पोस्टात अडकलं बाई."

पंधराएक दिवसांनी तुम्ही लॅबचं दार ढकलून मला हाताला धरून ओढत वॉर्डात नेलंत. सुनंदाची पोरगी कळवळून, लालबुंद होऊन, घशाच्या शिरा ताणून रडत होती. तुम्ही टाळ्या वाजवत होतात. शाब्बास, शाब्बास. तेव्हा मला ती शाबासकी कळली.

दुसऱ्याच दिवशी कार्डाच्या खालच्या कोऱ्या जागेत तुम्ही हाताने एक ओळ लिहिलीत: सव्वा महिना कुठे राहणार? नंतर ती छापून आली, पण छापणाऱ्याने तुमचंच अक्षर तसंच उचललं. ती ओळ विचारायचं काम तुमच्याकडे. अर्धा तास लागला तरी चालेल, असं मीच डॉक्टरांना सांगितलं.

आणि तेव्हापासून आपला तो वाद. सात वर्षं! मी म्हणायची, सुनंदाला खरं सांगायला हवं. तुम्ही म्हणायचात, नाही. पल्लवी, हो, बारशाला तिचं नाव पल्लवी ठेवलं, दर सहा महिन्यांनी तपासणीला यायची. छान वाढत होती, बोलत होती, शाळेत जात होती. पण मी तिला बघितलं की मनात हिशेब करायची. आता हा शब्द अडखळला, तो त्या अकरा दिवसांमुळे का? वजाबाकी चुकली, ती त्यामुळे का? एकदा तुम्ही चिडलात. "तू त्या पोरीकडं बघतच नाहीस. तू तुझ्या अकरा दिवसांकडं बघत बसतेस."

"मग सांगू दे ना मला तिच्या आईला."

"सांगून तुझं ओझं उतरेल आणि तिच्या डोक्यावर बसेल. ती रोज पोरीकडं बघून अकरा दिवस मोजील. माझ्या आईला मी नाही सांगितलं, ती सुखानं गेली. आई सुखानं झोपली पाहिजे."

तुमच्या आजारपणात, इंदिरानगरच्या माझ्या घरी तुम्ही आठवडाभर राहायला होतात तेव्हा, मी पुन्हा विषय काढला होता. तुम्ही गॅलरीत ऊन खात बसला होतात. म्हणालात, "मी गेल्यावर तुला काय करायचं ते कर. पण मी असेपर्यंत नाही." मग स्वतःच हसलात आणि म्हणालात, "म्हणजे लवकर जा असं नको म्हणूस." मी हसले नाही. आता वाटतं, हसायला हवं होतं.

तर आजची गोष्ट. शोकसभा चारला होती. सुनंदा दोन वाजताच आली, पल्लवीला घेऊन, थेट लॅबमध्ये. तुमच्या खुर्चीकडे बघून रडली. पल्लवी रॅकजवळ जाऊन कार्डं मोजायला लागली आणि मध्येच विचारायला लागली, हे कुणाचं, ते कुणाचं, माझं कुठंय. मी तिला पाणी आणायला बाहेर पाठवलं. आणि मग सांगून टाकलं. पत्र पोस्टात नव्हतं अडकलं. पत्ता चुकीचा होता. सिस्टरांना विचारू दिलं नाही ते मी, पत्ता उतरवला तो मी, आणि सिस्टर माझ्यासाठी खोटं बोलल्या.

सुनंदाने पिशवी मांडीवर ओढून घेतली. मला वाटलं, आता ही उठून जाईल, आणि तसंच व्हायला हवं. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला विचारलं व्हतं."

"काय?"

"कार्ड घेऊन तुम्ही कॉटजवळ आला व्हता. पत्ता वाचला आन् म्हणल्या, बरोबर ना? मला ठाऊक व्हतं मी माहेरी चाललेय म्हणून. पण सासरे उभे व्हते, हे उभे व्हते. मोठी माणसं सांगून राहिलेत आन् मी मधी कसं बोलू? मी मान हलवली." तिने पदर तोंडाला लावला. "सात वर्षं मला वाटतं, माझ्या त्या मान हलवण्यानंच उशीर झाला. पत्र पोस्टात अडकलं असं सिस्टर म्हणल्या तवा मला वाटलं, माझी चूक झाकायलाच त्या म्हणतात. कुणाला सांगितलं नाय. पोरगी गणितात चुकली की मी बाथरूमात जाऊन रडते."

हिराताई, मला तर तिने मान हलवली हेसुद्धा आठवत नाही. मी बघितलंच नसेल, गोल बघत असेन.

आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो. सात वर्षं दर सहा महिन्यांनी याच टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघी तेच अकरा दिवस मोजत होतो, आणि एकीचं दुसरीला ठाऊक नव्हतं. तुम्हाला वाटत होतं ती सुखाने झोपते. ती झोपत नव्हती, ताई. वाद मी जिंकले. आणि आयुष्यात पहिल्यांदा जिंकल्याचा मला इतका राग आलाय, कारण समोर तोंड वाकडं करायला तुम्ही नाहीत. आणि आता तुमच्या आईचाही विचार मनात येतो. ती खरंच सुखाने गेली का हो? की तीही उंबऱ्यातल्या काशीकडे बघून काहीतरी मोजत होती? हे तुम्हाला विचारायचं राहिलं. खरं तर, बरं झालं राहिलं.

चारला सगळे खालच्या हॉलमध्ये जमले. डॉक्टर बोलले, वॉर्डातल्या आयाबाया बोलल्या. मला बोलता आलं नाही. मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. पंखे बंद केलेले, खिडक्यांतून तेच दुपारचं मऊ ऊन आलेलं, माना खाली. मला पुन्हा कालच्यासारखी गुंगी यायला लागली. वाटलं, ही शांतता अशीच खोल खोल जात राहणार आणि तिच्या तळाशी कुठेतरी तुम्ही असणार, चपला हातात घेऊन.

आणि तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "आई, सगळे गप्प का झाले? हिरामावशीला गप्प बसलेलं कुठं आवडायचं?"

सगळ्यांनी वळून बघितलं. कुणीतरी शूः केलं. सुनंदा घाईने तिच्या तोंडावर हात ठेवायला गेली. मी तिथूनच, त्या दोन मिनिटांच्या मध्येच, जोरात म्हणाले, "राहू दे सुनंदा. बोलू दे तिला."